वैनगंगेतला लेसोथो

लेसोथो कुठं आहे ते मले सांगू नका. मी तिथं चार महिने राह्यली आहो. आता हासाले काय झालं? आमच्या पिपरटोल्यात हे ऐकून कोणी हासत नाई. तिथला कोणीही जुना माणूस विचारा, तो सांगन का श्यामराव झैरेत बुडाला अन् कुंताबाई र्‍होडेशियात सुधरली. पण तुमी बाहेरचे, तुमाले पयलेपासून सांगा लागन.

आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. दिवाळी झाली का नदी उतरते अन् मधात रेतीचा दांडा उघडा पडते. चारी बाजूनं पाणी, मधात रेती. त्या रेतीत आमी टरबूज, डांगर, काकडी लावतो. आळं करा, शेणखत टाका, बी टाका, अन् वेल धरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. त्याले वाडी म्हणतात. ते रेती कोणाच्या बापाची नाई म्हणून सगळ्याईची, अन् सगळ्याईची म्हणून दरसाल मारामारी, कारण रेतीत धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, टिकत नाई. बांबूची खुंटी ठोका, आठ दिवसांत शेजारी ते दोन हात सरकवते अन् वाऱ्यानं सरकली म्हणून सांगते. साल अठ्ठ्याहत्तरात दोघाईची डोकशी फुटली.

आमच्या वस्तीले, म्हणजे बुद्धविहाराकडच्या घराईले, त्या रेतीत कधी जागाच भेटली नव्हती. तोंडावर 'नाई' असं कोणी म्हटलं नाई. फक्त वाटप झालं का मंग आमाले खबर लागे. नदीवर आमचा घाट खालच्या अंगाले अन् गावाचा वरच्या अंगाले, तेही कोणी लिहून ठेवलं नव्हतं. साल एकोणऐंशीत तालुक्यावरून कागद आला का रेतीचं वाटप सगळ्या घराईत चिठ्ठ्या टाकून करा. मी सरपंच भय्याजीच्या दारात जाऊन बसली अन् नाव लिहा म्हटलं. नवऱ्याचं लिहू काय, म्हणे. माहा नवरा मंगरू बिड्या वळते. बिड्या वळता वळता झोपते अन् झोपेतही वळते, पण वाडीले पाणी घालणं त्याच्यानं होणार नव्हतं. म्हटलं, माहं लिहा, वच्छला. भय्याजीनं दोनदा माह्याकडे पाह्यलं अन् लिहिलं. जमिनीच्या कोण्या कागदावर माहं नाव चढलं ते तेव्हा पयल्यांदा, अन् तेवढ्या एका गोष्टीसाठी मी घरी येऊन गोड भात केला.

आता गुरुजीचं सांगते. कृष्णराव गुरुजी आमच्या शाळेत भूगोल शिकवत. शाळेत जगाचे सगळे नकाशे होते, पण एका पावसाळ्यात पेटीले उधई लागली. आशिया गेला, युरोप गेला, दोन्ही अमेरिका गेल्या, भारत तं काठीसकट गेला. उरली एकटी आफ्रिका, तीही खालच्या अंगानं कुरतडलेली. गुरुजीनं नवे नकाशे मागवले, तं वरून उत्तर आलं का तुमच्या शाळेत नकाशा असल्याची नोंद आहे. मंग गुरुजीनं अकरा वर्षं आफ्रिकाच शिकवली. आमच्या गावच्या पोट्ट्याले भंडारा कोण्या दिशेले आहे ते सांगता येत नाई, पण काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते हे त्याले झोपेतून उठवून विचारा. एका पोरीले पाहाले पाहुणे आले, त्याईनं तिले गावाचं नाव विचारलं, तं ते आधी खंड सांगून मोकळी झाली.

त्या साली नदी उतरली अन् गुरुजी सकाळी तोंड धुवाले घाटावर गेले ते तिथंच उभे राह्यले. रेतीच्या दांड्याले वरतं पश्चिमेकडे पोट सुटलं होतं, पूर्वेकडे शिंग निघालं होतं, अन् खाली तो निमुळता होत गेला होता. अकरा वर्षं जी भिंतीवर टांगली ते समोर पाण्यात आंग टाकून पडली होती. गुरुजी रडले, असं धुणं धुणाऱ्या बायाईनं सांगतलं.

त्याच आठवड्यात त्याईनं पंचायतीत मांडलं. धुऱ्याचं भांडण कायले करता, म्हणे, धुरे तं आधीच आखलेले आहेत. खुंटी सरकवता येते, पण केनिया अन् टांझानियाची सीमा कोण सरकवन? नकाशा शाळेच्या भिंतीवर आहे, शंका आली का येऊन पाहा. अन् खरं सांगते, सगळ्याईले पटलं. डोकशी फोडून फोडून लोक कावले होते. हे काय खूळ आहे बाप्पा, असं एक माणूस म्हटला नाई. मीही नाई म्हटली.

गुरुजीनं सुतळी धरून रेतीवर चुन्याच्या रेघा मारल्या, अन् पंचायतीच्या ओट्यावर चिठ्ठ्या निघाल्या. खालचं सारं टोक म्हणजे दक्षिण आफ्रिका, तीन बाजूनं पाणी, सगळ्यात चांगली रेती, ते निघालं केशवरावाले. केशवराव आमच्या गावचे जुने मालगुजार. मालगुजारी कवाच गेली, पण लोक मालकच म्हणत. त्याईच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला होता म्हणतात. मी पाह्यलं नाई, म्हणून मी बोलत नाई.

माही चिठ्ठी उघडली तं लेसोथो. कुठं आहे म्हणून मी गुरुजीले विचारलं. गुरुजी नकाशाकडे पाहत राह्यले, माह्याकडे पाहेनात. मंग त्याईनं बोट ठेवलं. दक्षिण आफ्रिकेच्या पोटात कवडीएवढा ठिपका. त्याच्या उत्तरेले केशवराव, दक्षिणेले केशवराव, पूर्वेले अन् पश्चिमेलेही केशवराव. लोक हासले. मीही हासली. जागा तं भेटली ना, असं माह्या मनात होतं.

सुरुवातीले गंज मजा झाली. ज्याईले लिबिया अन् अल्जेरिया निघालं ते कपाळाले हात लावून बसले का आमच्या नशिबी वाळवंट आलं, तिथं काय पिकन. मी म्हटलं, अगा, सगळीकडे रेतीच आहे, बाजूच्या देशातही तेच रेती आहे. पण नाई. त्याईनं टरबुजाचं बी टाकलंच नाई, खजुराचं बी शोधत आसगावच्या बाजारात फिरले. श्यामरावाले झैरे निघालं, म्हणजे जुनं काँगो. तो गुरुजीचा जुना हुशार विद्यार्थी. विषुववृत्तावर रोज दुपारी चार वाजता पाऊस पडते हे त्याले पाठ होतं, म्हणून त्यानं पाणी घालाची मेहनतच केली नाई. रोज साडेतीन वाजता छत्री घेऊन झैरेत जाऊन बसे. चारचे सव्वाचार झाले का हातातलं घड्याळ हालवून पाहे अन् घड्याळ मागं पडते म्हणे. त्याची बायको सांगे का हे घरी येऊन डोकं पुसतात.

गुरुजीले मात्र चढत गेली. नुसत्या सीमा म्हणजे राजकीय नकाशा, म्हणे, प्राकृतिक नकाशा कुठं आहे? मंग सारी शाळा रेतीत उतरवली. इजिप्त अन् सुदानातून चर खणून नाईल काढली, तिच्यात खरंच पाणी आलं अन् तिकडची मंडळी खूश झाली. टांझानियात रेतीचा ढीग करून त्याच्या माथ्यावर चुना टाकला, तो किलिमांजारोचा बर्फ. अन् एक दिवस मी वाडीवर गेली तं पोट्टे माह्या आळ्याईवर रेती टाकून राहिले होते. मी बोंबलली. गुरुजी म्हणे, वच्छलाबाई, सगळाच्या सगळा हजार मीटरच्या वर असलेला जगात एकच देश आहे, तो तुमचा आहे, तुमाले अभिमान वाटला पाहिजे. मले अभिमान नको होता, मले पाणी जवळ पाहिजे होतं. पण कमरेएवढा डोंगर झाला तो झालाच. मी त्याच्यावर पुन्हा आळे केले अन् पुन्हा बी टाकलं.

दरसाल लोक आपापल्या वाडीत झिरा खणत. रेतीत दोन-तीन हात खाली गेलं का पाणी पाझरते, मंग नदीवर जाची गरज पडत नाई. पण नकाशात झिरे नव्हते. पंचायतीत ठराव आला का नकाशावर आहे तेवढंच पाणी रेतीत राहीन, बाकी खणाई बंद. ठराव केशवरावानं मांडला. तीन बाजूनं पाणी असलेल्या माणसाले झिरा कायले लागन? त्याच बैठकीत परवान्याचंही ठरलं. दुसऱ्याच्या देशातून जाचं असन तं सरपंचाच्या शिक्क्याचा परवाना पाहिजे. बाकी लोक एकमेकाचे सोयरे, त्याईनं परवाने पान-सुपारीवर वाटून घेतले. मलेही भेटला. त्याच्यावर केशवरावाच्या सांगण्यानं लिहिलं होतं: माणूस एक, रिकाम्या हातानं.

पयल्या दिवशी मी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन निघाली. केशवरावाचा राखणदार श्रावण, त्यानं वाटेवर काट्याची फांदी आडवी टाकली होती. त्यानं परवाना उलटा धरून गंज वेळ वाचला, कारण त्याले वाचता येत नव्हतं, अन् मंग म्हटलं का तू जा, पण गुंड नाई जाणार. मी गुंड तिथंच टेकवून केशवरावाच्या मांडवात गेली. ते खाटेवर बसून होते. वाईट एक शब्द बोलले नाईत. माह्या पोराबाळाची विचारपूस केली. मंग मी पाण्याचं काढलं.

"वच्छला, मी तुले कधी अडवलं काय?" म्हणे. "नकाशा अडवते."

मले असा राग आला का गुंड उचलून मारावा वाटला. पण तो भंडाऱ्याचा पितळी गुंड, माह्या मायनं लग्नात देलेला, त्याले पोचा आला असता. मी परत आली.

बी उगवलं होतं. दोन-दोन पानं वर आली होती, अन् रेती अशी तापे का पाय ठेववत नसे. मी काय केलं, नदीत बसून लुगडं चिंब भिजवलं अन् तशीच चालत गेली, हात रिकामे. डोंगरावर जाऊन पदर पिळला. एका पदरात चार आळे होत. दिवसाच्या सात-आठ चकरा केल्या. श्रावणानं दोन दिवस पाह्यलं अन् मालकाले सांगतलं. तिसऱ्या दिवशी माह्या परवान्यावर नवी ओळ चढली: कोरड्या अंगानं. शिक्का मारता मारता भय्याजी म्हणे, बाई, माहा नाईलाज आहे, त्याईनं नियमात बोट ठेवलं.

त्या दिवशी मी कोरड्या अंगानं गेली अन् आळ्यापाशी बसून रडली. तुमाले वाटन टरबुजाच्या वेलासाठी कोण रडते. मी रडली. गावात एवढे घाट, एवढ्या विहिरी, सगळीकडे आमाले खालच्या अंगाले उभं राहणं ठरलेलं. ते एखाद्यानं शिवी देऊन केलं तं उलटून बोलता तरी येते. इथं चुन्याची रेघ दाखवत होते. माह्या नावाचा कागद निघाला तो असा निघाला का त्याच्या चारी बाजूनं तेच. दोन पानं माना टाकून राहिले होते अन् माह्या हातात काहीच नव्हतं.

घरी आली तं मंगरू बिड्या वळत होता. मी त्याले सारं सांगतलं. तो जन्मात सल्ला देत नाई, त्या दिवशी एवढंच म्हटला का नाईल काढली ती कोण्या नियमानं काढली? मी उठली अन् तशीच शाळेत गेली.

गुरुजी पोट्ट्याईले सवाना शिकवत होते. मी सरळ नकाशापाशी गेली अन् माह्या देशात कोणतं पाणी आहे ते दाखवा म्हटलं. गुरुजीनं चष्मा लावला. दक्षिणेकडच्या नद्या उधईनं जवळजवळ साऱ्याच खाल्ल्या होत्या. एकच निळी रेघ बाकी होती. ते म्हणे, ही ऑरेंज नदी. हिचा उगम लेसोथोच्या डोंगरात आहे, तिथून ती पश्चिमेले निघते अन् समुद्राले जाऊन भेटते.

"मधात कोणाचा देश लागते?"

"दक्षिण आफ्रिका. सारी तिथूनच जाते."

"तिले परवाना लागते काय?"

गुरुजी हासले. नदीले कायले परवाना लागन, म्हणे. मंग त्याईचं हासू थांबलं. त्याईनं नकाशाकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् खडू खाली ठेवला. सारी नाईल काढली, किलिमांजारोले बर्फ लावला, अन् जी एक नदी उधईनं सोडली तीच मी विसरलो, असं ते पोट्ट्याईसमोर म्हटले. माणूस खुळा होता, पण खोटा नव्हता.

पंचायत बसली. केशवरावाले ऑरेंज नदीले नाई म्हणता येईना, कारण नकाशावर आहे तेवढं पाणी हा ठराव त्याईचाच. ते शहाणे माणूस. म्हणे, नदी काढा, पण नदी लेसोथोतून निघून समुद्रात जाते. समुद्राचं पाणी उलटं लेसोथोत नेणं म्हणजे भूगोलाच्या विरोधात आहे. गुरुजीनंही मान हालवली, नदी उलटी वाहू शकत नाई म्हणे. याच्यावर दोन तास भांडण चाललं. एक जण म्हणे पंपानं उलटी वाहते, दुसरा म्हणे आफ्रिकेत पंप आहे काय. श्यामराव म्हणे चारच्या पावसाची वाट पाहा. शेवटी मी उभी राह्यली. म्हटलं, पाणी उलटं वाहू देऊ नका. नदी कोरडी ठेवा. मी नदीच्या पात्रातून चालत जाईन. नदीतून वरतं चालाले मनाई आहे, असं कोण्या पुस्तकात लिहिलं असन तं दाखवा.

गुरुजीनं पुस्तक काढलं. चाळलं. नव्हतं.

नदीची रुंदी नकाशावर दोरा धरून मोजली, ते दोन हात भरली. खणाले मी एकटीच जाणार होती, पण सकाळी पाह्यलं तं मंगरू फावडं घेऊन उभा. लग्नाले सोळा वर्षं झाले, मी त्याच्या हातात फावडं पाह्यलं नव्हतं. त्याच्यामागं आमच्या वस्तीतले अकरा जण. त्याईलेही कुठं ना कुठं तुकडा भेटला होता, पण ते आपलं काम सोडून आले. तीन दिवस खणलं. केशवरावाची दक्षिण आफ्रिका मधातून उभी चिरली. श्रावण काठावर बसून होता, दुसऱ्या दिवशी तो गपचूप खाली उतरून रेती फेकाले लागला.

कमरेएवढं खोल गेलं अन् खालून पाणी पाझरलं. कोणी आणलं नाई, कोणी ओतलं नाई. घोट्याएवढं झालं, मंग गुडघ्याएवढं. माह्या डोंगराच्या पायथ्याशी सगळ्यात आधी भरलं. गुरुजीले बोलावणं गेलं. त्याईनं पाण्यात कडुलिंबाचं पान सोडलं. पान थोडा वेळ जागीच फिरलं अन् मंग हळूहळू पश्चिमेले निघालं, कारण वैनगंगा रोज उतरत होती अन् आमचं पाणी तिच्याकडे झिरपत होतं. गुरुजी पुन्हा रडले. लेसोथोतून निघते, म्हणे, समुद्राले जाते. मी दोन गुंड भरून वरतं चढली अन् वेलाले पाणी घातलं. त्या पाण्याचा वास मले अजून आठवते.

मार्च गेला. माह्या वेलानं सारा डोंगर झाकला. एप्रिलात आकाशवाणीवर सांगतलं का र्‍होडेशिया आता झिंबाब्वे झाला, स्वतंत्र झाला. र्‍होडेशिया कुंताबाईकडे होतं. तिनं पंचायतीकडून नव्या नावाचा कागद करून घेतला, साखर वाटली, अन् स्वतंत्र झाल्यावर काय करतात म्हणून गुरुजीले विचारलं. गुरुजी म्हणे, आपली सीमा आपण सांभाळतात. तिनं दुसऱ्या दिवशी केशवरावाकडचा धुरा काट्यानं बंद केला. तिची देरानी, म्हणजे लहानी जाऊ, मोझांबिकात होती, तिनंही केला. दोघीईचे जुने राग होते, त्याईले निमित्त भेटलं.

अन् त्याच आठवड्यात नदीची धार सरकली. वैनगंगेचं असंच आहे, ते एका काठाले कंटाळली का दुसऱ्याकडे जाते. सारं पाणी वरतं सोमालियाच्या बाजूले गेलं अन् दक्षिण आफ्रिकेचा समुद्र तीनही बाजूनं आटला. नुसता तडकलेला गाळ. केशवरावाची टरबुजं नारळाएवढी झाली होती, अजून पंधरा दिवसाचं पाणी पाहिजे होतं. झिरा खणाचा तं ठराव त्याईचा. धारेवर जाचं तं त्या बाजूच्या दोन्ही सीमा बंद. त्याईनं परवान्याचा अर्ज केला, कुंताबाईनं तो उलटा धरून वाचला.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी नदीत उभी राहून गुंड भरत होती. डोळे वर केले तं काठावर केशवराव. पांढरं धोतर, डोक्यावर दुपट्टा, मागं श्रावण दोन बादल्या घेऊन. पासष्टीचा माणूस, सकाळपासून उन्हात होता, ओठ फुटले होते.

ते म्हणे, वेलाले पाणी पाहिजे. तुमचं पाणी वेलाले चालते.

मी गुंड उचलला. बाजूले सरकली. श्रावणानं बादल्या भरल्या अन् निघून गेला. केशवराव तिथंच काठावर बसले. त्याईचं मडकं सकाळीच रिकामं झालं होतं, हे मले मंग कळलं. ते पाण्याकडे पाहत होते. गंज वेळानं त्याईनं दोन्ही हाताची ओंजळ केली अन् पुढं धरली. माह्याकडे न पाहता म्हणे, थोडं वरून ओत.

त्याईच्या वाड्याच्या विहिरीवर आमचे लोक असेच उभे राहत. माही माय उभी राहे, तिच्याजवळ मी. कोणी तरी वरून ओते, अर्धं कोपरावरून गळून जाये, अन् पुरे झालं का नाई हे ओतणारा ठरवे. ओंजळ कशी धराची ते मले कोणी शिकवलं नाई, पाहून पाहून आलं. त्याईलेही पाहून पाहूनच आलं असन.

"मी ओतणार नाई, मालक," मी म्हटलं. "खाली उतरा. आपल्या हातानं घ्या."

ते माह्याकडे पाहत राह्यले. मले वाटलं आता उठतीन अन् जातीन. मंग त्याईनं दुपट्टा काढून काठावर ठेवला, बसल्या बसल्या पाय खाली सोडले, अन् रेतीवरून घसरत गुडघ्याएवढ्या पाण्यात आले, माह्याजवळ. वाकले अन् पेले. ओंजळीवर ओंजळ पेले, मिशीतून, गळ्यावरून पाणी गळत होतं. तोंड धुतलं. पुन्हा पेले.

मंग वर चढाले गेले तं काठाची रेती ढासळली. दुसऱ्यांदा पाय टाकला, पुन्हा ढासळली. मी रोजच्या सवयीनं वर चढून उभी होती. त्याईनं इकडे-तिकडे पाह्यलं, श्रावण कुठं दिसत नव्हता. तिसऱ्यांदा घसरले अन् त्याईनं माह्याकडे हात वर केला.

असा दिवस आला का मी पोट धरून हासन, असं मले नेहमी वाटे. हासू आलं नाई. माय आठवली अन् रडू आलं, अन् रडता रडता मी हात देला. भल्ला जड माणूस. दोन्ही टाचा रेतीत रोवून मी त्याईले ओढून काढलं. वर आल्यावर त्याईले दम लागला होता, म्हणून हात लगेच सुटला नाई.

त्याईनं समोर पाह्यलं. हिरवा डोंगर, त्याच्यावर टरबुजं पडलेली. हळूच म्हणे, लेसोथो म्हणजे हेच काय? चार महिने त्याच्या चारी बाजूनं राहून त्याईनं ते कधी पाह्यलंच नव्हतं.

हो म्हटलं, हेच. या. पाय पाहून ठेवा, वेल पसरले आहेत.